घराबाहेरचा खांब: नेदरलँड्सच्या रस्त्यावरच्या चार्जिंग सेवेचं परीक्षण

तीच टेस्ला, तीच किया, तीच फोक्सवॅगन आयडी.३ ऑस्लोत मिळते आणि मिलानमध्येही मिळते. तरी २०२४ साली नॉर्वेत विकल्या गेलेल्या नव्या गाड्यांपैकी ८८.९ टक्के पूर्ण इलेक्ट्रिक होत्या आणि इटलीत जेमतेम ४ टक्के. गाडी एकच असताना आकडा वीसपट कसा बदलतो, हे शोधायला गाडीचं परीक्षण उपयोगाचं नाही. रात्री गाडी जिथे उभी राहते तिथे वीज कशी मिळते, किती भावाने मिळते आणि ती मिळवायला कोणाची परवानगी लागते, हे तपासावं लागतं.

त्यासाठी नेदरलँड्स हे सगळ्यात चांगलं उदाहरण आहे. नॉर्वेकडे जलविद्युत आहे, अंगणात गाडी लावता येईल अशी घरं आहेत आणि दोन दशकं टिकलेली करमाफी होती. नेदरलँड्सची वीज महाग, घरं भिंतीला भिंत लावून उभी, आणि बहुसंख्य कुटुंबांची गाडी रस्त्याच्या कडेला. तरीही २०२४ साली तिथे नव्या गाड्यांपैकी साधारण ३५ टक्के इलेक्ट्रिक होत्या. त्याच वर्षी शेजारच्या जर्मनीत १३.५ टक्के. हा फरक पाडणाऱ्या दोन गोष्टी आहेत: कंपनीच्या गाडीवरचा कर, आणि घराबाहेरच्या रस्त्यावर उभा असलेला चार्जिंगचा खांब. डच भाषेत त्याला लाडपाल म्हणतात. पुण्या-मुंबईहून येऊन आम्स्टलवेन किंवा आइंडहोवनमध्ये भाड्याच्या फ्लॅटात राहणाऱ्या मराठी कुटुंबाला इलेक्ट्रिक गाडी परवडेल की नाही, हे बहुतेक वेळा या खांबावरच ठरतं.

खांबात काय मिळतं

कमरेच्या थोडा वर येणारा, दोन सॉकेटचा, दोन पार्किंगच्या जागांमध्ये रोवलेला साधा खांब. पडदा नाही, केबल नाही. सॉकेट टाइप २ जातीचं, म्हणजे युरोपातल्या सगळ्या नव्या गाड्यांना चालणारं. केबल आपली आपण न्यायची.

बहुतेक खांबांना तीन फेजची, प्रत्येक फेजला २५ अँपिअरची जोडणी असते. म्हणजे खांबाकडे एकूण साधारण १७ किलोवॉट. त्यातून एका सॉकेटला जास्तीत जास्त ११ किलोवॉट (तीन फेज, १६ अँपिअर). शेजारचं सॉकेट रिकामं असेल तर पूर्ण ११ मिळतात, दुसरी गाडी लागली की दोघांना साडेआठच्या आसपास. हे बिघाडाचं लक्षण नाही, वाटणीच तशी ठरलेली आहे. संध्याकाळी सातला गाडी लावून "११ का येत नाहीत" अशी तक्रार करणाऱ्यांपैकी पुष्कळांचं कारण एवढंच असतं.

खांब एसी वीज देतो. तिची डीसी करून बॅटरीत घालणारा ऑनबोर्ड चार्जर गाडीतच असतो, आणि तो किती फेज घेतो हे गाडी विकत घेण्याआधी पाहायलाच हवं. आजच्या बहुतेक गाड्या तीन फेज, ११ किलोवॉट घेतात. जुनी निसान लीफ मात्र एकाच फेजवर चालते. तिचा चार्जर ६.६ किलोवॉटचा असला तरी १६ अँपिअर देणाऱ्या खांबावर तिला ३.७ च मिळतात. हिशेब असा: ६० युनिटची बॅटरी २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर न्यायची तर बॅटरीत ३६ युनिट जायला हवीत. चार्ज करताना दहाएक टक्के वाया जातात, म्हणून खांबाच्या मीटरवर ४० पडतात. ११ किलोवॉटने हे काम पावणेचार तासांत होतं, ३.७ ने अकरा तास लागतात. सेकंडहँड बाजारात एक फेजवाली गाडी स्वस्त दिसते, पण रस्त्यावरच्या खांबावर अवलंबून राहायचं असेल तर त्या स्वस्ताईची भरपाई रोज रात्री वेळ देऊन करावी लागते.

केबल घेताना तीन गोष्टी बघा. पहिली, ती तीन फेजची आहे ना. एक फेजची केबल बाहेरून जवळजवळ तशीच दिसते आणि ११ ची गाडी ३.७ वर आणून ठेवते. दुसरी, अँपिअर. केबलच्या प्लगमध्ये एक छोटा रोध बसवलेला असतो, २० अँपिअरच्या केबलला ६८० ओमचा आणि ३२ अँपिअरच्या केबलला २२० ओमचा. खांब तो वाचतो आणि त्याच्या वर वीज सोडत नाही. ११ किलोवॉटसाठी २० अँपिअरची केबल पुरते; ती हलकी असते, थंडीत कमी ताठरते. तिसरी गोष्ट लांबी, आणि इथे कंजुषी करू नका. टेस्लाचं चार्जिंगचं तोंड मागे डावीकडे, आयडी.३ चं मागे उजवीकडे, ह्युंदाई कोनाचं पुढे नाकावर. नेदरलँड्समध्ये गाडी रस्त्याच्या उजव्या कडेला लागते, म्हणजे टेस्लाचं तोंड खांबाच्या उलट बाजूला, रहदारीकडे येतं. केबल मागून वळसा घालून आणावी लागते. ५ मीटरची केबल अशा वेळी ताणली जाते, आणि ताणलेल्या केबलमुळे सॉकेटचं कुलूप नीट बसत नाही. ७ किंवा ८ मीटरची घ्या.

खांब मागवायचा कसा

या सेवेचा सगळ्यात मोलाचा भाग हा आहे, आणि युरोपात इतक्या मोठ्या प्रमाणावर तो दुसरीकडे दिसत नाही. तुमच्याकडे इलेक्ट्रिक गाडी आहे (किंवा तिची ऑर्डर दिली आहे), स्वतःच्या जागेत पार्किंग नाही आणि जवळपासच्या खांबांवर जागा उरलेली नाही, तर तुम्ही खेमेंतेकडे, म्हणजे नगरपालिकेकडे, खांबाची मागणी नोंदवू शकता. अर्ज ऑनलाइन होतो. गाडीच्या नोंदणीचा किंवा लीझच्या कराराचा पुरावा जोडावा लागतो. पैसे लागत नाहीत. घरमालकाची परवानगी लागत नाही, कारण खांब सार्वजनिक रस्त्यावर उभा राहतो. भाडेकरूसाठी या दोन वाक्यांची किंमत फार मोठी आहे. आपल्याकडच्या सोसायटीत चार्जिंगच्या एनओसीसाठी ज्यांनी सर्वसाधारण सभेत हात वर केले आहेत, त्यांना ती लगेच कळेल.

यामागची व्यवस्था नीट बसवलेली आहे. पालिका किंवा प्रांत निविदा काढतो, एका कंपनीला काही वर्षांचा ठेका देतो. कंपनी खांब स्वतःच्या पैशाने उभारते आणि विजेच्या विक्रीतून तो वसूल करते. सुरुवातीला हे गणित बसणारं नव्हतं. म्हणून २००९ पासून वीजवाहिन्या सांभाळणाऱ्या कंपन्यांनी ई-लाड नावाच्या संस्थेमार्फत देशभर पहिले हजारो खांब उभे केले. खांब आणि नियंत्रण सर्व्हर यांच्यातली ओसीपीपी ही खुली संवादभाषा त्याच संस्थेच्या पुढाकाराने तयार झाली. आज ती जगभर चालते, भारतातल्या चार्जिंग स्टेशनांतही. कोणत्याही एका कंपनीच्या कुलपात देश अडकला नाही, याचं श्रेय त्या वेळच्या निर्णयांना द्यायला हवं.

उणीव वेळेची आहे. जागा ठरवणं, त्या जागेवर फक्त चार्जिंगच्या गाड्यांना परवानगी देणारा वाहतूक आदेश काढणं, हरकतींसाठी सहा आठवडे थांबणं, मग वीज कंपनीने रस्ता खणून जोडणी देणं. यात सहज काही महिने जातात, आणि वीजवाहिनी भरलेल्या भागात त्याहून जास्त. शेजाऱ्यांची हरकत बहुधा खांबाला नसते, पार्किंगची जागा जाते याला असते. बऱ्याच पालिका आता अर्जाची वाट न पाहता, आधीच्या खांबांचा वापर बघून पुढचे खांब आखतात, त्यामुळे तुमच्या अर्जाला "दोनशे मीटरवर नवा खांब येतोच आहे" असं उत्तर येऊ शकतं. म्हणून गाडी हातात येईपर्यंत थांबू नका; ऑर्डरचा कागद मिळाला की त्याच दिवशी अर्ज करा.

रोजचा वापर

लाडपास नावाचं कार्ड लागतं. कोणत्याही कंपनीचं कार्ड कोणत्याही कंपनीच्या खांबावर चालतं. जर्मनीत हे आता कुठे सुरळीत होतं आहे, नेदरलँड्समध्ये ते पहिल्यापासून गृहीत आहे. केबल दोन्हीकडे घट्ट बसवा, कार्ड खांबाला दाखवा, दिव्याचा रंग बदलेल. इथेच निघून जाऊ नका. गाडीच्या पडद्यावर किंवा ॲपवर चार्जिंग सुरू झाल्याचं आणि किलोवॉटचा आकडा दिसेपर्यंत अर्धा-एक मिनिट थांबा. खांब कार्ड स्वीकारतो, पण गाडीत आधी लावून ठेवलेली वेळ ("रात्री एकनंतरच चार्ज कर") तशीच असते आणि सकाळी बॅटरी भरलेली नसते, ही फार वेळा होणारी चूक आहे.

काढताना तेच कार्ड पुन्हा दाखवायचं. केबल अडकली तर ओढू नका. टाइप २ चं प्लग दोन्ही टोकांना खिळीने अडकतं. आधी गाडी अनलॉक करा, मग कार्ड दाखवा, मग प्लग किंचित आत ढकलून अर्धा मिनिट थांबा. ताणामुळे अडकलेली खिळी अशी सुटते. तरीही नाही सुटली तर खांबावर छापलेल्या मदत क्रमांकावर फोन करून खांबाचा क्रमांक सांगा. ते दुरून सॉकेट उघडतात किंवा खांब बंद-चालू करतात. बहुतेक अडचणी इथेच संपतात. कार्डच स्वीकारलं जात नसेल तर पुष्कळदा खांबाचं मोबाइल नेटवर्क गेलेलं असतं. शेजारच्या सॉकेटवर प्रयत्न करण्यात अर्थ नाही, कारण दोन्ही सॉकेटचा मेंदू एकच असतो. दुसरा खांब गाठा.

पैसे भरलेल्या पार्किंगच्या भागात एक गैरसमज महाग पडतो. चार्जिंगची जागा म्हणजे फुकट पार्किंग नाही. रहिवासी परवाना किंवा पार्किंगचं शुल्क वेगळं लागतंच. आणि चार्जिंगसाठी राखीव जागेवर केबल न लावता उभी असलेली इलेक्ट्रिक गाडी पेट्रोलच्या गाडीइतकीच दंडाला पात्र असते.

भाव

इथे ही सेवा सगळ्यात कमी पडते. एका खांबावर युनिटचा भाव ३० सेंट, दोन गल्ल्या ओलांडून दुसऱ्या पालिकेच्या हद्दीत तोच ५० किंवा ६० सेंट असू शकतो, कारण भाव ठेक्यात ठरतो आणि ठेके वेगवेगळ्या वर्षांचे आहेत. त्यावर कार्ड देणारी कंपनी आपली आकारणी चढवते: कोणी दर सत्रामागे ठोक रक्कम घेतं, कोणी टक्केवारी, कोणी महिन्याची वर्गणी. एकाच खांबावर दोन कार्डांचं बिल वेगळं येतं, आणि खांबावर पडदा नसल्यामुळे भाव आधी दिसत नाही. ॲपमध्ये खांब शोधून आपल्या कार्डाचा भाव पाहणं हाच उपाय. दोन कार्डं ठेवा, एक ठोक आकार नसलेलं (थोडं थोडं चार्ज करायला), एक कमी युनिट दराचं. खांबावर वरून चिकटवलेला क्यूआर कोड स्कॅन करून पैसे देऊ नका. खोटे स्टिकर लावून कार्डाचे तपशील पळवण्याचे प्रकार युरोपभर झाले आहेत.

भावाचा परिणाम आकड्यांत पाहा. गाडीला १०० किलोमीटरला गळतीसकट २० युनिट लागतात असं धरू. घरच्या मीटरवर २५ सेंटने ५ युरो. रस्त्यावरच्या खांबावर ४० सेंटने ८ युरो. महामार्गावरच्या फास्ट चार्जरवर ७० सेंटने १४ युरो. १०० किलोमीटरला ६ लिटर पिणारी पेट्रोल गाडी, लिटरला २ युरो धरले तर १२ युरो. म्हणजे जो फक्त फास्ट चार्जरवर गाडी चालवतो त्याला पेट्रोलच स्वस्त पडतं. खांबाने ४० सेंट ओलांडले तरी तो पेट्रोलच्या खाली राहतो, ६० ला बरोबरी होते. ज्या देशात रात्रीचं स्वस्त चार्जिंग फक्त बंगलेवाल्यांना मिळतं, त्या देशात इलेक्ट्रिक गाडी बंगलेवाल्यांपुरतीच राहते. त्यामुळे ६० सेंटचे ठेके करणाऱ्या पालिका आपल्याच धोरणाच्या मुळावर येतात, असं आमचं स्पष्ट मत आहे.

हा भाव तरीही इतक्या लोकांना टोचत का नाही? कारण नेदरलँड्समधल्या नव्या इलेक्ट्रिक गाड्यांचा मोठा वाटा कंपनीच्या लीझचा आहे आणि चार्जिंगचं बिल कंपनी भरते. कर्मचाऱ्याला फक्त बायटेलिंग दिसतं: गाडीच्या किमतीचा ठरावीक टक्का त्याच्या करपात्र उत्पन्नात धरला जातो. पेट्रोल गाडीसाठी हा २२ टक्के. इलेक्ट्रिकसाठी २०१९ मध्ये तो ४ होता, २०२० मध्ये ८, २०२१ मध्ये १२, मग १६, आणि २०२५ मध्ये १७, तोही किमतीच्या पहिल्या ३०,००० युरोंपुरता. २०१९ च्या डिसेंबरात ४ चा टक्का संपण्याआधी झालेली झुंबड इतकी होती की टेस्ला मॉडेल ३ त्या वर्षी देशातली सगळ्यात जास्त विकली गेलेली गाडी ठरली. पुढे टक्का वाढत गेला तरी विक्री कोसळली नाही, कारण प्रत्येक पायरी आधीच जाहीर झालेली होती. स्वतःच्या खिशातून गाडी घेणाऱ्याचं गणित मात्र पूर्ण वेगळं आहे; लीझवाल्या सहकाऱ्याचा अनुभव ऐकून खासगी गाडी घेऊ नका.

इतर देशांशी तुलना

नॉर्वे हा अपवाद आहे, नमुना नाही, असं बरेच जण म्हणतात. ते अर्धंच खरं. तिथे २५ टक्के व्हॅट २००१ पासून २०२२ पर्यंत इलेक्ट्रिक गाडीला पूर्ण माफ होता. २०२३ पासून ५ लाख क्रोनरच्या वरच्या रकमेवर तो लागू झाला. पेट्रोल गाडीवर मात्र खरेदी कराचा मोठा बोजा. म्हणजे सरकारने इलेक्ट्रिक गाडी स्वस्त केली त्यापेक्षा दुसरी गाडी महाग ठेवली, आणि हे धोरण सरकारं बदलली तरी टिकलं. कडाक्याच्या थंडीत पल्ला २० ते ३० टक्क्यांनी घटतो, तरी लोक घेतात, कारण सकाळी घरातून निघताना बॅटरी भरलेली आणि गाडी गरम असते. खांबाच्या दृष्टीने एक तांत्रिक गोष्ट लक्षात ठेवा: नॉर्वेतल्या पुष्कळ भागांत २३० व्होल्टची, न्यूट्रल नसलेली जुनी वीजव्यवस्था आहे. तिथल्या घरगुती चार्जरवर तीन फेजची ११ किलोवॉटची गाडी बहुधा एका फेजवर, ३२ अँपिअर मिळाले तर ७.४ किलोवॉटने चार्ज होते. गाडी घेऊन तिकडे नोकरीसाठी जाणाऱ्यांना याचं आश्चर्य वाटतं.

जर्मनीची अडचण वेगळी. २०२३ च्या डिसेंबरच्या मध्यावर तिथल्या सरकारने खरेदीचं अनुदान एका दिवसाच्या सूचनेवर बंद केलं. परिणाम समोर आहे: २०२३ मधला १८.४ टक्क्यांचा वाटा २०२४ मध्ये १३.५ वर आला. अनुदानाची रक्कम किती यापेक्षा ते उद्या असेल का, याला ग्राहक जास्त घाबरतो. घरच्या वॉलबॉक्सचे, म्हणजे भिंतीवर बसवायच्या चार्जरचे, नियम मात्र जर्मनीत चांगले आहेत. ११ किलोवॉटपर्यंत वीजवाहिनी कंपनीकडे नुसती नोंद करायची, त्याच्या वर मंजुरी लागते. २०२० च्या अखेरीपासून फ्लॅटमालकाला आणि भाडेकरूलाही चार्जर बसवू देण्याची मागणी करण्याचा कायदेशीर हक्क आहे. २०२४ पासून बसवलेल्या वॉलबॉक्सना ताण असेल तेव्हा ४.२ किलोवॉटपर्यंत खाली आणण्याचा अधिकार वाहिनी कंपनीला आहे, बदल्यात वहन शुल्कात सूट. हा आकडा हवेतून आलेला नाही: तीन फेजवर ६ अँपिअर, म्हणजे गाडीला चार्जिंग चालू ठेवायला लागणारी किमान वीज, साधारण तेवढीच होते. पण रस्त्यावर गाडी लावणाऱ्यासाठी जर्मन सेवा अजून अपुरी आहे. काही सेवादाते चार तासांनंतर मिनिटाप्रमाणे जादा आकार लावतात. ११ किलोवॉटच्या खांबावर रात्री झोपायचं की गाडी हलवायला खाली उतरायचं? फास्ट चार्जरचा नियम संथ खांबाला लावल्यामुळे रात्रभराची सोय हातची जाते.

ब्रिटनमध्ये घरची वीज ५ टक्के व्हॅटने आणि सार्वजनिक चार्जरची २० टक्क्यांनी. ज्याच्या घरापुढे गाडी लावायला जागा आहे तो रात्रीच्या खास दराने युनिटला ७-८ पेन्समध्ये चार्ज करतो आणि रांगेतल्या घरात राहणारा त्याच्या कितीतरी पट देतो. लंडनच्या काही भागांत दिव्याच्या खांबातच बसवलेले ५ किलोवॉटच्या आसपासचे चार्जर आहेत. स्वस्तात उभे राहतात, रात्रभरासाठी पुरेसे आहेत, आणि डच खांबाच्या सगळ्यात जवळ जाणारी कल्पना हीच. २०२४ साली ब्रिटनमध्ये नव्या गाड्यांतला इलेक्ट्रिकचा वाटा १९.६ टक्के होता. त्यामागे विक्रीत २२ टक्के इलेक्ट्रिक गाड्या असाव्यात हे उत्पादकांवर घातलेलं बंधन आणि कंपनीमार्फत पगारातून हप्ता कापून मिळणाऱ्या गाड्या या दोन गोष्टी होत्या.

इटलीत अडचण मीटरपाशीच सुरू होते. बहुतेक घरांची करारातली वीज ३ किलोवॉट. ओव्हन आणि वॉशिंग मशीन एकत्र लावलं तरी मीटर वीज तोडतो. त्यात गाडी कुठे बसवणार? तिथल्या नियामकाने २०२१ च्या जुलैपासून इलेक्ट्रिक गाडीवाल्यांना रात्री आणि सुटीच्या दिवशी जादा आकार न घेता साधारण ६ किलोवॉटपर्यंत वीज घेण्याची मुभा देणारी योजना सुरू केली. ती उत्तम आहे, पण स्वतःचं पार्किंग आणि त्यावर स्वतःचा मीटर असलेल्यांपुरती. शहरातल्या जुन्या इमारतीत राहणाऱ्याला ना ६ किलोवॉट, ना रस्त्यावर खांब.

महामार्गावरच्या फास्ट चार्जरबद्दल इथे थोडक्यात. युरोपीय संघाच्या नियमानुसार मुख्य महामार्गांवर दर ६० किलोमीटरला चार्जिंगची सोय, आणि २०२४ च्या एप्रिलपासून उभारलेल्या ५० किलोवॉट व त्यावरच्या नव्या चार्जरवर बँक कार्डाने पैसे देण्याची सोय बंधनकारक आहे. सुटीतल्या लांब प्रवासासाठी हे आवश्यकच. पण वर्षातले साडेतीनशे दिवस गाडी ज्या रस्त्यावर झोपते तिथली सोय याने होत नाही.

पुढे काय बिघडू शकतं

डच वीजवाहिन्या भरल्या आहेत. संध्याकाळी ४ ते ९ या वेळेत घरातली शेगडी, हीट पंप आणि गाड्या एकदम लागतात. आम्स्टरडॅममध्ये २०१७ पासून फ्लेक्सपॉवर नावाने असे खांब चालवले गेले जे संध्याकाळी वेग कमी करतात आणि इतर वेळी वाढवतात. आता ही पद्धत इतर भागांतही पसरते आहे. संध्याकाळी सहाला लावून सकाळी सातला काढणाऱ्याला याने काही फरक पडत नाही. रात्री आठला लावून दहाला निघणाऱ्याला पडतो. त्याने खांबावर भरवसा ठेवू नये. शिवाय काही जुन्या गाड्या वीज पूर्ण थांबली की झोपतात आणि वीज परत आली तरी जाग्या होत नाहीत. अशा वेळी ॲपमधून चार्जिंग पुन्हा सुरू करावं लागतं. तेही नाही चाललं तर केबल काढून परत लावायची.

दुसरी बाब भरलेली गाडी न हलवण्याची. डच खांबांवर बहुतेक ठिकाणी वेळेचा दंड नाही. रात्री झोपणाऱ्यासाठी हे उत्तम, दिवसा गैरसोयीचं. रस्त्यावरच्या शेजाऱ्यांचा व्हॉट्सॲप गट असेल तर त्यात सामील व्हा. भाषा येत नसली तरी गाडीचा नंबर आणि "दहाला हलवते" एवढं पुरतं.

ही सेवा कोणाला पुरेल

वर्षाला १५,००० किलोमीटर चालवणाऱ्या कुटुंबाला साधारण ३,००० युनिट लागतात, म्हणजे आठवड्याला ५८. ४० युनिटचं एक सत्र धरलं तर दोन आठवड्यांत तीन रात्री खांब मिळाला की काम भागतं, आणि ४० सेंटने वर्षाचा खर्च १,२०० युरो होतो. एवढ्यासाठी ही सेवा भरवशाची आहे, आणि युरोपातल्या रस्त्यावरच्या सेवांमध्ये आमच्या मते पहिली. रोज १५० किलोमीटर जाणाऱ्याने, किंवा ज्याच्या पालिकेत भाव ५० च्या वर आहे अशा खासगी ग्राहकाने, कामाच्या ठिकाणी चार्जिंग आहे का ते आधी विचारावं.

लीझच्या करारावर सही करण्याआधी एक आठवडा हे करा. घरापासून ३०० मीटरच्या आत किती खांब आहेत ते नकाशावर काढा आणि प्रत्येकाचा भाव आपल्या कार्डाच्या ॲपमध्ये पाहून लिहून ठेवा. मग मंगळवारी, गुरुवारी आणि रविवारी, रात्री साडेनऊच्या सुमारास, चालत फेरी मारा. ॲपमध्ये मोकळं दिसणारं सॉकेट जागेवर डिलिव्हरीच्या व्हॅनने अडवलेलं असू शकतं, म्हणून डोळ्यांनी बघा. तिन्ही रात्री किमान दोन सॉकेट रिकामी दिसली तर सही करा. एका रात्री एकही दिसलं नाही तर आधी खेमेंतेकडे खांबाचा अर्ज टाका आणि लीझ कंपनीकडून गाडीची तारीख पुढे ढकलून घ्या.